तारखेचा खर्च कोणाचा?

पेडण्यातल्या एखाद्या भाटाचा, म्हणजे बागायती जमिनीचा, दावा उभा राहिला की न्यायाधीशांच्या टेबलावर तीन राजवटी येऊन बसतात. वहिवाट सांगितली जाते ती सावंतवाडीकर भोसल्यांच्या काळापासूनची, विक्रीखत असतं पोर्तुगीज भाषेतलं, आणि एक-चौदाचा उतारा मुक्तीनंतरच्या सर्वेक्षणाचा. डिचोलीतही तेच. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत हे दोन्ही महाल पोर्तुगिजांच्या हाती गेले, १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाले, पण राज्य बदललं म्हणून आधीचा कागद कधी बाद झाला नाही. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता इथे १८७० पासून लागू झाली. नवरा-बायकोच्या सामाईक मालकीचे तिचे नियम आजही चालतात. वारसाहक्काचा भाग गोव्याने २०१२ च्या आपल्या कायद्यात घेतला. कायद्याचा एवढा गुंता ज्या तालुक्यांत आहे, तिथल्या माणसाला न्यायालयात मदत सर्वांत जास्त लागते.

ज्यांचं बोलणं पुढे दिलं आहे ते दोघेही वकील आहेत. मामांनी उभं आयुष्य डिचोलीत वकिली केली, त्यातही कूळ-मुंडकार आणि वाटणीचे दावे जास्त. भाची पेडण्याची. ती इंग्लंडमध्ये सॉलिसिटरच्या कार्यालयात आहे आणि ज्यांचा खर्च सरकार भरतं अशा आरोपींची प्रकरणं पाहते. दोघांचं फारसं जुळत नाही. मी पेडणेकर आहे, आणि या वादात मी तटस्थ नाही.

भाची : मामा, तिकडे २०१० नंतरच्या दशकात इंग्लंड-वेल्समधली निम्म्याहून अधिक मॅजिस्ट्रेट न्यायालयं बंद झाली. वापर कमी, देखभाल महाग, असं कारण दिलं. इमारती विकून टाकल्या. पुढे न्यायाधीशांचे बसायचे दिवस मोजून द्यायला लागले, मग कोविड आला. २०२४ संपताना क्राउन कोर्टात सत्तर हजारांच्या वर खटले पडून होते. आता ते ढीग कमी करायचे म्हणून ज्युरीपुढे कोणते खटले चालवायचे यालाच कात्री लावायचं चाललं आहे. ज्युरी त्या लोकांचा शेकडो वर्षांचा हक्क आहे. आधी पैसे वाचवले, आणि आता हक्क विकून ती तूट भरून काढायची. म्हणून सांगते, पेडण्याचं न्यायालय लहान आहे, गैरसोयीचं आहे, म्हापशाला जोडून टाका, असं कोणी म्हणालं तर वकिलांनी मान डोलावू नये.

मामा : डोलावणार नाही, बाय. पण न्यायालय दाराशी आहे म्हणून न्याय दाराशी आला असं तू समजू नकोस. तालुक्याचा न्यायाधीश सकाळी न वटलेल्या चेकची प्रकरणं घेतो, मग अपघाताची, मारामारीची, आणि दुपारी त्याच्यापुढे चाळीस वारसांची वाटणी येते. एकाच माणसाने फौजदारी बघायची आणि दिवाणीही. त्याला पोर्तुगीज येत नाही. भाषांतर करून देणारे जुने लोक गेले. तो हुशार असतो, मन लावून काम करतो, आणि गाव कळायला लागेपर्यंत त्याची बदली होते.

भाची : मग न्यायाधीश वाढवा ना.

मामा : वाढवावेत. पण आम्हाला आजवर जे मोठे निकाल मिळाले ते लांबूनच आले. खाणींचं बघ. मये, शिरगाव, मुळगाव इथली शेतं खाणीच्या गाळाने बुजत होती, विहिरी आटत होत्या. डिचोलीत कोणाच्या दाव्याने ते थांबलं? २०१२ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. २०१४ मध्ये निकाल दिला, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं. तुमच्या मोप्याचंही तसंच. मार्च २०१९ मध्ये विमानतळाची पर्यावरण मंजुरी स्थगित झाली तीही दिल्लीत.

भाची : आणि जानेवारी २०२० मध्ये ती स्थगिती उठली तीही दिल्लीतच. २०२२ च्या डिसेंबरात विमानतळाचं उद्घाटन झालं. मामा, दिल्लीला कोण गेलं? ज्यांच्यामागे संस्था होती, अभ्यास होता, वर्षानुवर्षं चिकाटी होती, ते गेले. त्यांचे उपकार मी मानते. पण २०१८ च्या निकालानंतर ज्यांचे ट्रक दारात उभे राहिले आणि बँकेचा हप्ता मात्र थांबला नाही, त्या माणसांचं म्हणणं त्या दालनात कोणी मांडलं? आणि ज्याचं शेत बुजलं त्याला त्याची भरपाई मागायला शेवटी डिचोलीलाच यावं लागतं ना?

मामा : यावं लागतं. आणि तिथे त्याला माझ्यासारखा वकील लागतो. आता तुला एक सांगतो, हे तुमच्या पुस्तकांत नसेल. माझे कितीतरी मुंडकार अशील आज आपल्या घरात राहतात ते निकाल लागला म्हणून नाही. निकाल लागला नाही म्हणून राहतात.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी इथे थोडं थांबतो. भाटकाराच्या जमिनीत घर बांधून राहणारा तो मुंडकार. पिढ्यान्पिढ्या भाटकाराच्या भाटाची राखण करायची, हाक आली की जायचं, आणि त्याच्या मर्जीवर राहायचं, असं ते जिणं होतं. १९७५ च्या कायद्याने मुंडकाराला घरातून काढता येणार नाही असं ठरलं, आणि घर व त्याभोवतालची थोडी जमीन विकत घ्यायचा हक्कही त्याला मिळाला. कुळांसाठी १९६४ चा कायदा होता. १९७६ च्या दुरुस्तीने कसेल त्याची जमीन हे तत्त्व त्यात आलं. पेडण्याच्या भाऊसाहेब बांदोडकरांनी सुरू केलेल्या आणि त्यांच्या मागे शशिकलाताई काकोडकरांनी पुढे नेलेल्या राजकारणाची ही कमाई आहे, आणि तिचं मोल माझ्या तालुक्याला फार आहे. पण हक्क मिळाला आणि हक्काचा कागद मात्र प्रत्येकाने मामलेदार कचेरीत जाऊन सिद्ध करून आणायचा, अशी रचना झाली. सगळं तिथे अडलं.

मामा : भाटकार बेदखल करायचा दावा लावतो. आम्ही म्हणणं देतो की हा मुंडकार आहे. तो मुद्दा दिवाणी न्यायालयाने ठरवायचा नसतो, मामलेदाराकडे पाठवायचा असतो. दावा थांबतो. मामलेदाराने काहीही ठरवलं तरी हरलेला अपिलात जातो, तिथून पणजीला प्रशासकीय लवादाकडे, तिथून पर्वरीला उच्च न्यायालयात. तेवढ्या अवधीत त्या घरातल्या मुलींची लग्नं होतात, नातवंडं शाळेत जायला लागतात. तू ज्याला विलंब म्हणतेस त्यानेच त्या कुटुंबाला संसार करू दिला. उद्या कोणी म्हणालं की सगळे दावे सहा महिन्यांत निकाली काढू, तर मला त्या घराची आधी काळजी वाटेल. घाईचा निकाल ज्याच्या हातात कागद आहे त्याच्या बाजूने जातो.

भाचीला हे बोलणं लागलं असावं, कारण ती बराच वेळ काही म्हणाली नाही. मलाही ते खोडून काढता येत नाही. गरिबाच्या बाजूने विलंब कसा उभा राहतो, हे ज्याने तालुक्यात वकिली केली आहे त्यालाच ठाऊक. पण मग तिने जे मांडलं त्यानेच मी तिच्या बाजूला झुकलो.

भाची : मामा, त्या घराच्या छपराचा वासा कुजला तर? पंचायतीत गेलं की मालकीचा कागद मागतात. बँक कर्ज देत नाही. शहाळ्यांचा गाडा टाकायला म्हणून पन्नास हजार हवे असले तरी तारण ठेवायला त्या माणसाकडे स्वतःचं घर नाही, आणि राहतो तर त्याच घरात. शेजारच्या गावात, मांद्रे-मोरजीत, जमिनीचे भाव कुठे गेले ते तुम्ही बघता. त्या तेजीत त्याला एक पैसा मिळत नाही. आणि जमीन संपादनाची नोटीस आली तर? ती उताऱ्यावर नाव असलेल्याला येते. ज्याचं कूळपण अजून ठरायचं आहे त्याने आधी आपण कूळ आहोत हे सिद्ध करायचं, मग मोबदल्यात वाटा मागायचा. वाद आहे म्हटल्यावर रक्कम जमा होऊन पडून राहते. तुम्ही म्हणता तो तारखेच्या आधाराने राहिला. मी म्हणते त्या आधाराची किंमत त्याने रोज भरली, आणि भाटकाराने काहीच भरली नाही.

मामा : भाटकारही भरतो. सगळे भाटकार वाड्यात राहत नाहीत. अर्ध्या एकराचा भाटकारही माझा अशील आहे, आणि त्याची तिसरी पिढी कचेरीत येते.

भाची : मान्य. मग दोघांनी भरली. वाचवली ती सरकारने.

मला वाटतं, सगळ्या वादाचं मूळ इथे आहे. विधी आयोगाने १९८७ मध्ये आपल्या १२० व्या अहवालात दहा लाख लोकांमागे पन्नास न्यायाधीश हवेत असं सांगितलं होतं. आज मंजूर पदांचा हिशेब धरला तरी आकडा एकवीसच्या आसपास आहे. ही कमतरता म्हणजे नुसती रिकामी खुर्ची नव्हे. तिच्यामुळे जो दिवस वाया जातो तो सरकारचा जात नाही. हरमलहून, पालयेहून, कासारवर्ण्याहून रोजंदारी बुडवून आलेल्या माणसाचा जातो. न्यायावरचा खर्च कमी केला असं सरकार म्हणतं तेव्हा तो खर्च कमी झालेला नसतो, दुसऱ्याच्या माथी गेलेला असतो.

भाची : वकिलांच्या बाबतीतही तेच केलं. २०१३ पासून तिकडे घटस्फोट, मुलांचा ताबा, कर्जाचे आणि घरभाड्याचे बरेचसे वाद सरकारी मदतीतून वगळले. नवरा वकील घेऊन येतो आणि बायको एकटी उभी राहते. फौजदारीत मदत राहिली, पण वकिलाला मिळणारे पैसे इतके घसरले की पहिल्या तीन वर्षांत तरुण बॅरिस्टरच्या हातात खर्च वजा जाता वर्षाला साधारण १२,२०० पौंड राहतात, असं त्यांच्या संघटनेने मांडलं. २०२२ मध्ये बॅरिस्टर न्यायालयाबाहेर उभे राहिले. काळे झगे घालून, टोप घालून, फलक धरून. सप्टेंबरात बेमुदत संप, ऑक्टोबरात पंधरा टक्क्यांची वाढ मान्य करून मिटला. तोवर कित्येक जण ते काम सोडून गेले होते. आज आरोपी तयार, साक्षीदार तयार, न्यायाधीश बसलेला, आणि वकील मिळाला नाही म्हणून खटला पुढे ढकलतात.

मामा : आपला १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा त्या मानाने मोठ्या मनाचा आहे. स्त्रीला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, दिव्यांगाला, कोठडीत असलेल्याला उत्पन्न न विचारता मोफत वकील. तालुका समितीकडे अर्ज केला की झालं.

भाची : किती बायका करतात अर्ज? खरं सांगा.

मामा : थोड्या. कारण फुकट मिळालेला वकील मन लावून काम करणार नाही असं त्यांना वाटतं. आणि, सगळं सांगायचं तर, त्यांचं सगळंच चुकीचं नाही. त्या कामाचं मानधन इतकं कमी की नुकता सनद घेतलेला मुलगा ते घेतो, हात बसेपर्यंत करतो आणि पुढे जातो. गरिबाच्या दाव्यावर तो शिकतो. चांगले लोकही आहेत त्या यादीत, मी त्यांना ओळखतो. पण वारसांच्या इन्व्हेंटरीचं काम, जिथे पोर्तुगीज नोंद काढायची, नकाशा मोजून घ्यायचा, दहा वारसांचे पत्ते शोधायचे, ते त्या पैशांत होत नाही. त्यात आता निम्मे वारस तुमच्याकडे. पोर्तुगीज पासपोर्ट काढून एक स्विंडनला, एक लंडनला. प्रत्येकाची सही हवी, प्रत्येकाच्या बायकोची सही हवी, कारण इथे मालमत्ता दोघांची. एक मुखत्यारपत्र यायला वर्ष लागतं. यात कुठल्या सरकारने काय वाचवलं?

भाची : इथे नाही वाचवलं. हे आमचंच देणं, मान्य. पण त्या सह्यांच्या नियमामुळे निदान बायकोला न विचारता घर विकता येत नाही. तो उशीर मला चालेल.

पुढचा मुद्दा भाचीने काढला, आणि तो मी याआधी कोणाकडून ऐकला नव्हता. ब्रिटनच्या पोस्ट खात्यात १९९९ पासून होरायझन नावाची संगणकप्रणाली होती. तिच्या हिशेबात पैसे कमी दिसले की गावचं पोस्ट चालवणाऱ्यावर चोरीचा ठपका यायचा. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक जणांना शिक्षा झाल्या. संगणक बरोबरच चालतो असं तिथला कायदा गृहीत धरतो. तो चुकला हे आरोपीने दाखवायचं. अखेर २०२४ मध्ये संसदेला कायदा करून ते दोषनिर्णय पुसावे लागले.

भाची : आणि आपल्या जमीन महसूल संहितेचं कलम १०५ काय म्हणतं, मामा? हक्कनोंदणीतली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानायची. सत्तरच्या दशकात सर्वेक्षण झालं तेव्हा सर्वेअर गावात आला, त्याला कोणी जमिनी दाखवल्या? ज्याला वाचता येत होतं त्याने. पेडण्यात कितीतरी ठिकाणी कसणाऱ्याचं नाव इतर हक्काच्या रकान्यातही आलं नाही. पोस्टमास्तराला संगणक खोटा ठरवायचा होता, आमच्या कुळाला उतारा खोटा ठरवायचा आहे. दोघांच्याही विरुद्ध कायदा आधीच मत देऊन बसलाय.

मामा : नोंदीवर विश्वास ठेवला नाही तर एकही व्यवहार होणार नाही. रोज प्रत्येक उताऱ्यावर संशय घेऊन चालत नाही. उलट नोंदी आणखी भक्कम हव्यात. २०२२ मध्ये बघितलंस ना? खोटी जुनी खतं करून जमिनी हडपल्या, विशेष तपास पथक नेमावं लागलं, निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा आयोग बसला. मालक वारलेले, नाहीतर परदेशी. तिथे तुझा तो संशय कामाला आला तो चोरांच्या. म्हणून मी म्हणतो, जमिनीचे दावे समजणारे लोक एका जागी हवेत, पोर्तुगीज जाणणारे, नकाशे वाचणारे. ते प्रत्येक तालुक्यात मिळणार नाहीत. अशा कामाला जिल्ह्याचं एक न्यायालय मला चालेल.

भाची : दस्तऐवज तपासायला एका जागी चालेल. साक्ष मात्र गावाजवळ व्हायला हवी. झाड कोणी लावलं, पाटाचं पाणी कोण वळवत होतं, हे सांगणारी म्हातारी पर्वरीला येणार नाही. ती आली तरी तिचं बोलणं कोंकणी-मराठीत आणि टंकलेखन इंग्रजीत. निदान ती उठून जायच्या आधी तिला समजेल असं वाचून तरी दाखवा.

इथे मामा हसले नाहीत की रागावलेही नाहीत. ते मान्य आहे, एवढंच म्हणाले. मग ते २०१४ कडे वळले, कारण तिथे त्यांची जखम आहे.

मामा : मामलेदाराकडे कुळांचे दावे तुंबले होते. त्याच्याच डोक्यावर निवडणुका, दाखले, पूर, अतिक्रमणं, मंत्र्यांचे दौरे. २०१४ मध्ये दुरुस्ती झाली आणि कूळ दावे दिवाणी न्यायालयांकडे गेले. मला ते योग्य वाटलं होतं. हक्क ठरवायचा तर न्यायाधीशाने ठरवावा. सकाळी भाटकाराबरोबर व्यासपीठावर बसलेल्या अधिकाऱ्याने नव्हे. पण लोक रस्त्यावर आले, आणि काही वर्षांत दावे परत मामलेदाराकडे.

भाची : लोक का आले ते तुम्ही सांगितलं नाहीत. त्याच दुरुस्तीत कुळाने तीन वर्षांत अर्ज करायचा, नाहीतर हक्क गेला, अशी मुदत होती. आणि दिवाणी न्यायालय म्हणजे वकील, मुद्दे काढणं, उलटतपासणी, सगळं आलं. त्यासाठी वकिलाची सोय कुठे केली होती? न्यायाधीश दिला आणि वकील दिला नाही. सुधारणा म्हणजे निम्मा खर्च सरकारने करायचा आणि उरलेला कुळाच्या बायकोच्या मंगळसूत्रातून काढायचा, असं होऊन बसलं.

मामा : मुदत हवीच. पन्नास वर्षं हक्क लटकत ठेवून कोणाचं भलं झालं? मयेचं बघ. पोर्तुगीज काळातली कोंदची, म्हणजे काउंटची, इस्टेट, मुक्तीनंतर निर्वासित मालमत्ता म्हणून कस्टोडियनकडे गेली, आणि अख्ख्या गावाला आपल्या पायाखालच्या जमिनीची मालकी नाही. २०१४ मध्ये विधानसभेने कायदा करून वाट काढली. जे न्यायालयांत सुटलं नाही ते कायदेमंडळाने सोडवलं, कारण एकेका माणसाला हक्क सिद्ध करत बसवलं नाही. गाव म्हणून घेतलं, सनदा द्यायला लागले.

भाची : मग मुंडकारांचंही तसंच करा ना. मुंडकारांची नोंदवही ठेवायची तरतूद १९७५ च्या कायद्यातच आहे. मुंडकाराने अर्ज घेऊन का जायचं? तलाठ्याने घरोघर जावं. वीजबिल, घरपट्टी, मतदार यादी, शेजाऱ्यांची साक्ष. नोंद जागेवर करावी आणि भाटकाराला नोटीस द्यावी. तक्रार नसेल तिथे संपलं. तुमच्या अनुभवात किती भाटकार खरोखर तक्रार करतील?

मामा : निम्म्यांहून कमी. कित्येकांना ती कटकट संपायलाच हवी आहे. पण जिथे तक्रार येईल तिथे?

भाची : तिथे न्यायाधीश. तालुक्यात बसणारा. आणि दोन्ही बाजूंना वकील. मुंडकाराच्या वकिलाचे पैसे सरकारने द्यावेत, तुमच्यासारख्याला परवडतील इतके.

मामा : आणि छोट्या भाटकाराच्या?

भाची : उत्पन्न बघून, त्याच्याही.

मामा : नोंद घरोघर जाऊन करा, हे मला पटतं. तक्रारीचे दावे न्यायाधीशाकडे, हे तर मी २०१४ पासून सांगतोय. पण मुदत ठेवायची. नोटीस मिळाल्यापासून एक वर्ष, भाटकारासाठी.

भाची : भाटकारासाठी ठेवा. मुंडकारासाठी नको.

मामा : कायदा एकाला मुदत आणि दुसऱ्याला नाही असं कसं म्हणेल?

भाची : कारण एकाच्या हातात उतारा आहे, मामा.

हे त्यांच्यात मिटलं नाही, आणि मिटेल असं वाटत नाही. मी मुदतीच्या प्रश्नावर मामांच्या बाजूचा होतो, आता नाही. नोंदवहीसाठी मात्र दोघांचं एकमत आहे, आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही. पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत ते काम पुढच्या पावसाळ्याआधी सुरू करता येईल.